शेकलेल्या पिंपातली सौम्य, गोडसर बर्बन: चाखण्या-पारखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘टोस्टेड बॅरल फिनिश’ म्हणजे नेमकं काय केलेलं असतं?

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की. ती आधी नेहमीसारखी आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरते. मुरून झाली की ती तिथून काढून दुसऱ्या पिंपात भरतात. हे दुसरं पिंपही कोरंच असतं, पण बहुधा आतून जाळून कोळसा केलेलं नसतं, मंद आचेवर शेकलेलं असतं. तिथं ती काही आठवडे किंवा काही महिने राहते आणि मग बाटलीत येते. दुसऱ्या पिंपातला नेमका काळ लेबलवर सहसा छापलेला नसतो.

या तऱ्हेला लोकांसमोर आणण्यात अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मिक्टर्स या डिस्टिलरीचा मोठा वाटा आहे. त्यांची टोस्टेड बॅरल फिनिश बर्बन २०१४ साली आली. एलायजा क्रेग टोस्टेड बॅरल २०२० साली आली, बेझिल हेडन टोस्ट २०२१ साली. वुडफर्ड रिझर्व्ह डबल ओक्ड (२०१२) याच जातीतली पण चुलत म्हणावी अशी. तिचं दुसरं पिंप खोलवर शेकतात आणि वरून हलकंसं जाळतातही. त्यामुळे ‘डबल ओक’, ‘टोस्टेड’ आणि ‘डबल बॅरल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. लेबलवर यातलं नेमकं काय म्हटलंय ते आधी वाचा.

शेकणं आणि जाळणं यात एवढा काय फरक पडतो? दोन्ही आगच ना?

फरक वेळेचा आणि खोलीचा आहे. जाळताना पिंपाच्या आत थेट ज्वाळा सोडतात आणि काम सेकंदांत आटोपतं. अमेरिकेतल्या पिंप-कारखान्यांत जाळण्याचे ढोबळमानाने चार टप्पे धरतात: १५, ३०, ३५ आणि ५५ सेकंद. चौथ्या टप्प्यात लाकडाचा पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा खवल्याखवल्यांनी उकलतो. शेकताना मात्र आच मंद असते, वेळ मिनिटांत मोजतात आणि ऊब फळीत आतपर्यंत पोचते.

जाळलेल्या पिंपाची फळी आडवी कापली तर वर ठिसूळ काळा थर दिसतो. त्याच्या खाली तांबूस पट्टा, आणि त्याच्याही खाली कच्चं, फिकट लाकूड. मद्य फळीत कुठवर शिरलं होतं त्याची एक रेघ बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनीही दिसते. शेकलेल्या फळीवर काळा थर जवळजवळ नसतोच. पावाच्या कडेसारखा तपकिरी रंग वरून आत हळूहळू फिका होत जातो.

आता चवीचं. लाकडातलं हेमिसेल्युलोज उष्णतेने फुटतं, त्यातून साखरा सुटतात आणि त्याच पुढे करपून कॅरमेल, टॉफी, भाजलेल्या पावाचे वास देतात. लिग्निन फुटून व्हॅनिलिन मिळतं. आच वाढत गेली की त्याच लिग्निनमधून ग्वायकॉलसारखी धुरकट द्रव्यं निघतात. ओकमधले लॅक्टोन नारळासारखा आणि ताज्या कापलेल्या लाकडासारखा वास देतात, खोल शेकलं की ते कमी होतात. लवंगेची छटा युजेनॉलमुळे येते. मंद शेकण्यात व्हॅनिला आणि कॅरमेल भरपूर सुटतं, धूर कमी. म्हणून या बाटल्यांवर शेकलेल्या मार्शमॅलोचा उल्लेख इतक्या वेळा दिसतो. या वेळी जाहिरातवाले फारसं खोटं बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. काळा कोळशाचा थर नुसता रंग-वास देत नाही, तो गाळणीही असतो, गंधकाचे नकोसे वास धरून ठेवतो. शेकलेल्या पिंपात ही गाळणी नसते आणि मद्य थेट लाकडाला भिडतं. त्यामुळे गोडव्याबरोबर टॅनिनही (लाकडातलं तुरट द्रव्य) भराभर उतरतं. दुसऱ्या पिंपात जास्त दिवस राहिलेली बर्बन गोड व्हायची सोडून तुरट का होते, याचं उत्तर इथं आहे.

बर्बन म्हणायला काय अटी आहेत? दुसऱ्या पिंपामुळे ती बर्बन राहते का?

अमेरिकी नियमांनुसार धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर जाऊ नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, पिंप कोरं आणि आतून जाळलेलं ओकचं असावं, बाटलीत किमान ४० टक्के असावं. पाण्याशिवाय काही घालायचं नाही, रंगही नाही. ‘स्ट्रेट’ लिहायचं असेल तर किमान दोन वर्षं मुरवावी लागते, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लेबलवर सांगावं लागतं. ‘बॉटल्ड इन बाँड’ ही वेगळी, १८९७ च्या कायद्यातली गोष्ट: एका डिस्टिलरीची, एका हंगामातली, किमान चार वर्षांची आणि ५० टक्क्यांची.

पहिल्या पिंपात या अटी पुऱ्या झालेल्या असतात. दुसरं पिंप हा पुढचा संस्कार. म्हणून लेबलवर बहुधा ‘स्ट्रेट बर्बन’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘फिनिश्ड इन टोस्टेड बॅरल्स’ असं सलग वाचायला मिळतं.

बर्बन फक्त केंटकीतच होते?

नाही. अमेरिकेत कुठेही होऊ शकते. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने तिला अमेरिकेचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली, केंटकीचं म्हणून नव्हे.

‘प्रूफ’चा आकडा टक्क्यांत कसा वाचायचा?

अमेरिकी प्रूफ (अल्कोहोलच्या प्रमाणाचं माप) निम्मं करा. ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के, ९४ म्हणजे ४७, ९१.४ म्हणजे ४५.७.

काही बाटल्या मुळातच सौम्य का लागतात?

तीन कारणं, आणि तिन्ही एकत्र आली की ‘काही लागतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

पहिलं कारण अल्कोहोल. आपल्या तोंडात उष्णतेची जाणीव देणाऱ्या चेता साधारण ४२ अंश सेल्सिअसला जाग्या होतात. अल्कोहोल ती पातळी ३४ अंशांच्या आसपास आणतं, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा चटका वाटायला लागते. टक्के कमी तर चटका कमी. दुसरं कारण धान्य. बर्बनमध्ये मक्यानंतर बहुधा राय (rye, गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) येते आणि तिच्याबरोबर मिरी-लवंगेचा तिखटपणा. रायऐवजी गहू घातला की कडा गोल होतात. बेझिल हेडन टोस्टमध्ये तर रायच्या जागी ब्राऊन राइस वापरला, आणि वर बाटलीत ४० टक्के. तिसरं कारण थंड गाळणी. मद्य थंड करून गाळलं की पाणी घातल्यावर गढूळपणा आणणारी स्निग्ध द्रव्यं निघून जातात, पण तोंडातलं भरलेपणही थोडं जातं.

सौम्य म्हणजे पातळ असं समीकरण मात्र करू नका. सौम्य बर्बन जिभेवर वजन ठेवून जाते, पातळ बर्बन ओघळून जाते. दोन्हींचा आकडा ४० असू शकतो.

गोड लागते म्हणजे साखर घातलेली असते का?

बर्बनमध्ये साखर घालता येत नाही. शेकलेल्या लाकडातून उतरणारी साखर अगदी नगण्य असते. तुम्हाला लागणारा गोडवा मुख्यतः वासाचा आहे: व्हॅनिला, कॅरमेल, मध यांचे वास मेंदू गोड चवीशी जोडतो. अल्कोहोल स्वतःही किंचित गोड लागतं.

पडताळणी सोपी आहे. नाक चिमटीत घट्ट धरा, ५ मिली घोट घ्या, पाच सेकंद तोंडात खेळवा. थोडा गोडपणा, थोडा कडवटपणा आणि ऊब एवढंच जाणवेल. आता नाक सोडा. व्हॅनिला-कॅरमेल एकदम उमटेल. बर्बन पारखायला शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करून बघावं. पुढचं अर्धं काम त्यातच होतं, कारण यापुढे तुम्ही जिभेवर साखर शोधत बसणार नाही, घशामागून नाकात चढणाऱ्या वासाकडे लक्ष द्याल.

कोणता ग्लास, किती मात्रा, कसं तापमान?

तळाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. २००१ साली बाजारात आलेला ग्लेनकेर्न हा आता सर्रास वापरतात, पण लहान ट्युलिपच्या आकाराचा वाइन ग्लासही चालतो. रुंद तोंडाचा टंबलर प्यायला ठीक, पारखायला नाही, सौम्य बर्बनचा वास त्यातून उडून जातो. ग्लास गरम पाण्याने धुवा आणि उपडा न ठेवता वाळवा. उपडा ठेवलेल्या ग्लासात फडक्याचा किंवा कपाटाचा वास अडकून राहतो.

एकच बर्बन असेल तर २० मिली, तुलना असेल तर प्रत्येकी १५ मिली. तापमान १८ ते २२ अंश. ग्लास तळहातात घेऊन तापवत बसू नका. ४० टक्क्यांच्या बर्बनला ऊब दिली की आधी अल्कोहोल उसळतं आणि नाजूक वास त्याच्या मागे दबतात.

चाखायची पद्धत क्रमाने सांगाल का?

ग्लासात ओतून १० मिनिटं तशीच ठेवा. हा वेळ वाया जाणारा नाही. पहिल्या दोन मिनिटांत बहुतेक बाटल्यांना अल्कोहोलचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो, आणि घाईत लिहिलेले शेरे नेमके याच दोन मिनिटांतले असतात.

मग ग्लास हनुवटीपाशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवून नाकाने हलका श्वास घ्या. तोंड बंद ठेवून खोल हुंगलंत तर नाकाला झिणझिण्या येतील आणि पुढची पाच मिनिटं काही कळणार नाही. ग्लास हळूहळू वर आणा. काठाच्या खालच्या बाजूला जड वास मिळतात (लाकूड, कॅरमेल), वरच्या बाजूला हलके (फळं, मका, अल्कोहोल). एका नाकपुडीने, मग दुसरीने हुंगा. दोन्हींत फरक पडतो, आणि कोणती नाकपुडी मोकळी आहे हे दर काही तासांनी बदलतं.

पहिला घोट अगदी लहान घ्या, तो तोंड ओलं करायला. त्याच्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट साधारण ४-५ मिली. तो आठ-दहा सेकंद जिभेवर फिरवा, गालांत न्या, चघळल्यासारखं करा. जिम बीम या बर्बन कंपनीचे मास्टर डिस्टिलर बुकर नो (१९२९–२००४) यांच्यामुळे या चघळण्याला ‘केंटकी च्यू’ असं नाव पडलं आहे. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा आणि घड्याळाकडे बघा.

शेकलेल्या पिंपाच्या बर्बनमध्ये खरी परीक्षा इथून सुरू होते. पहिले पाच सेकंद जवळजवळ सगळ्या गोड असतात: मार्शमॅलो, व्हॅनिला, मेपल. साधारण दहाव्या सेकंदाला गोडवा उतरायला लागतो आणि त्याच्या खाली काय आहे ते दिसतं. भाजलेले बदाम, कोको, दालचिनी उरली तर मूळ बर्बन दमदार आहे. जिभेच्या कडा आवळल्यासारख्या झाल्या, गालांना कोरड पडली, तर पिंप वरचढ झालं. काहीच उरलं नाही, नुसती ऊब राहिली, तर आत भरणच नव्हतं. हे एका घोटावर ठरवू नका, तीन घोट घ्या आणि मध्ये किमान दोन मिनिटं जाऊ द्या.

वीस मिनिटांनी ग्लासात जे थेंब उरतील ते पुन्हा हुंगा, आणि रिकामा ग्लास दुसऱ्या दिवशीही. रिकाम्या ग्लासात उडून जाणारं सगळं गेलेलं असतं, लाकडाचा वास उरतो. तिथं व्हॅनिला आणि सुकलेल्या लाकडाचा वास असेल तर ठीक. राखेचा वास असेल तर चाखताना लागलेली कडू छटा तुमचा भास नव्हता.

पाणी घालावं की नाही?

४० टक्क्यांची असेल तर आधी बिनपाण्याचीच पारखा. पाण्याने वास उलगडतो हे खरं, पण तो सल्ला मुळात ५५-६० टक्क्यांच्या बर्बनसाठी आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर केलेल्या अभ्यासात, ग्वायकॉल ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतं आणि ५९ टक्क्यांच्या वर आत दडतं, असं दिसलं. तुमच्या ग्लासातली ४० टक्क्यांची बर्बन त्या अर्थाने आधीच ‘उघडलेली’ आहे.

आकडे बघा. २० मिली, ४० टक्के. ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे साधारण १ मिली, तेवढ्याने ती ३८.१ टक्क्यांवर येते. चमचाभर, ५ मिली पाणी घातलं तर थेट ३२ टक्के. तिथं गोडवा आणि भरलेपण दोन्ही विरघळून साबणाच्या पाण्यासारखं काहीतरी उरतं. म्हणून ४५ टक्क्यांच्या खाली ३ ते ५ थेंबांच्या पुढे जाऊ नये असं आमचं मत. ४७ टक्क्यांची २० मिली बर्बन ४० वर आणायची असेल तर ३.५ मिली पाणी लागतं. ते दोनदा विभागून घाला आणि दोन्ही वेळा चाखा. पाणी खोलीच्या तापमानाचं आणि क्लोरीनचा वास नसलेलं हवं.

बर्फ?

प्यायला हरकत नाही, पारखायला नको. थंडीने वास आणि गोडवा दोन्ही दबतात, तुरटपणा मात्र ठळक होतो. म्हणजे या बर्बनची जमेची बाजू झाकली जाते आणि उणी बाजू उघडी पडते.

रंग गडद असेल तर जास्त शेकलेली समजावी का?

नाही. रंगाचा मोठा भाग पहिल्या, जाळलेल्या पिंपातून येतो. शिवाय बाटलीत भरताना पाणी घातलं की रंगही फिका होतो. बर्बनमध्ये रंग मिसळता येत नाही म्हणून तो खरा असतो इतकंच, पण त्याला गुण देऊ नयेत. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या धारांचंही तसंच, त्या अल्कोहोलचं प्रमाण आणि दाटपणा सांगतात, दर्जा नव्हे.

शेकलेल्या पिंपाने खरंच काय भर घातली, हे कसं ओळखायचं?

शेजारी त्याच घरची साधी बर्बन ठेवून. पण जोडी नीट निवडा, नाहीतर तुलना भलत्याचीच होते. एलायजा क्रेग स्मॉल बॅच आणि एलायजा क्रेग टोस्टेड दोन्ही ४७ टक्क्यांच्या. मिक्टर्सची स्मॉल बॅच बर्बन आणि तिची टोस्टेड दोन्ही ४५.७. वुडफर्ड रिझर्व्ह आणि डबल ओक्ड दोन्ही ४५.२. अशा जोड्यांत अल्कोहोलचा फरक मध्ये येत नाही. बेझिल हेडन आणि बेझिल हेडन टोस्ट दोन्ही ४० टक्क्यांच्या असल्या तरी धान्य वेगळं आहे. टोस्ट जास्त गोड लागली तर श्रेय पिंपाचं की राय नसण्याचं, हे त्या जोडीवरून सांगता येत नाही. तरीही लोक बिनधास्त सांगतात.

मग तीन ग्लासांची चाचणी करा. एकसारखे तीन ग्लास, तळाला खुणेच्या चिठ्ठ्या. दोन ग्लासांत एक बर्बन, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा आणि चाखणारा वेगळा असावा, रंग कळू नये म्हणून दिवा मंद ठेवावा किंवा ग्लास कागदाने झाकावेत. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. सहा फेऱ्यांत पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं तर ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते, म्हणजे फरक तुम्हाला खरंच कळतोय. चार वेळा बरोबर आलं तर फुशारकी नको: निव्वळ अंदाजानेही चार किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के आहे. सहा फेऱ्या एका बैठकीत उरकू नका, दोन दिवसांत वाटा, आणि प्रत्येक ग्लासात ५ मिली पुरे.

एका बैठकीत किती चाखाव्यात, कोणत्या क्रमाने?

चार. त्यापुढे जीभ फक्त गोड आणि तिखट एवढंच सांगते. कमी टक्क्यांकडून जास्त टक्क्यांकडे जा, आणि टक्के सारखे असतील तर साधी आधी, शेकलेली नंतर. उलट केलंत तर साधी बर्बन विनाकारण आंबट-कोरडी लागेल. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचं क्रॅकर किंवा पाव घ्या. तासभर आधीपासून कॉफी, पुदिना, मिरची आणि टूथपेस्ट टाळा.

चार वेळा १५ मिली म्हणजे ६० मिली. ती ४५ टक्क्यांची असेल तर साधारण २१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, म्हणजे अमेरिकी मोजमापाने दीड ‘ड्रिंक’. चाखून थुंकणं हा व्यावसायिक परीक्षकांचा रोजचा रिवाज आहे, त्यात लाज नाही. फक्त प्रत्येक बर्बनचा एक लहान घोट गिळा, नाहीतर शेवट (गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव) कळत नाही. नंतर गाडी चालवायची असेल तर सगळंच थुंका, किंवा चाखणंच दुसऱ्या दिवसावर टाका.

गुण कसे द्यावेत?

नेहमीच्या पत्रकांत वास, चव, शेवट आणि तोल यांना सारखे २५-२५ गुण असतात. शेकलेल्या पिंपासाठी आम्ही ते बदलतो: वास २५, चव २५, शेवट ३५, तोल १५. कारण वास आणि पहिली चव इथं जवळपास नेहमीच छान असते, तिथं सगळ्यांना २०-२२ मिळतात आणि पत्रक काहीच सांगत नाही. बाटल्या वेगळ्या पडतात त्या शेवटात.

शेवटासाठी आमचं माप असं: गिळल्यापासून १५ सेकंदांत सगळं संपलं तर आखूड, ४० पर्यंत टिकलं तर मध्यम, पुढे लांब. पण लांबीचे गुण फक्त १५. उरलेले २० शेवट कशाने होतो त्याचे. मिनिटभर रेंगाळणारा कडवटपणा हा लांब शेवट आहे आणि वाईटही. तोलाच्या १५ गुणांत एकच प्रश्न विचारा: मका, फळ किंवा मसाला, यातलं धान्यातून आणि आंबवण्यातून आलेलं काही अजून ओळखू येतं का? सगळं फक्त पिंपासारखं लागत असेल तर ५ च्या वर जाऊ नका.

सौम्यपणाचे गुण कापू नका. दणका कमी म्हणून चवीत गुण काढायचे आणि पुन्हा शेवट आखूड म्हणून काढायचे, ही एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा होते, आणि ४० टक्क्यांच्या बाटल्यांना ती फार सोसावी लागते. पहिला आकडा झाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा गुण द्या. दोहोंत सातपेक्षा जास्त अंतर आलं तर तिसऱ्यांदा चाखा.

काय बिघडलंय हे चवीवरून कसं ओळखायचं?

भुश्श्याचा, ताज्या रंधलेल्या फळीचा वास येत असेल तर लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं किंवा शेकणं वरवरचं झालं. पिंपाच्या फळ्या उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात तेव्हा पावसाने टॅनिन धुऊन जातं आणि बुरशी उरलेलं मऊ करते. मिक्टर्स आपल्या शेकलेल्या पिंपांसाठी १८ महिने हवेत सुकवलेलं लाकूड सांगते. भट्टीत झटपट सुकवलेल्या फळीत हे होत नाही.

चहाची पत्ती चावल्यासारखी कोरड, गाल आत ओढले जाणं: दुसऱ्या पिंपात मुक्काम लांबला. विझलेल्या शेकोटीचा, राखेचा वास: आच जास्त झाली, कॅरमेल ओलांडून पाक करपला. पुढे भरपूर गोड, मध्ये पोकळ, शेवटी नुसती ऊब: मूळ बर्बन कोवळी होती आणि पिंपाकडून मेकअप करून घेतला. हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कमी पकडला जातो, कारण पहिला घोट फार गोड बोलतो. नखांच्या पॉलिश रिमूव्हरसारखा वास इथिल ॲसिटेटचा. थोडा असेल तर फळासारखा वाटतो, १० मिनिटांनीही टोचत असेल तर दोष. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास बुचातून आलेला असतो, त्यात डिस्टिलरीचा हात नाही. ती बाटली बदलून मागा.

पहिला पेग आवडला नाही, बाटली वाईट आहे का?

लगेच ठरवू नका. भरलेल्या बाटलीचा पहिला ग्लास बऱ्याचदा चुरचुरीत लागतो. बुच लावून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी, वेगळ्या वेळी, रिकाम्या-भरल्या पोटाचा फरक लक्षात घेऊन पुन्हा चाखा. हवेने बाटली सुधारते हे थोडं खरं, पण जीभ त्या दिवशी ठिकाणावर नसते हे त्याहून जास्त खरं. तीन वेगवेगळ्या दिवशी तेच मत आलं की ते खरं धरा.

कॉकटेलमध्ये वापरली तर चालते का?

ओल्ड फॅशन्डमध्ये छान बसते, फक्त साखर निम्मी करा. ६० मिली बर्बन, ५ ऐवजी २.५ मिली साखरेचा पाक, ३ डॅश अँगोस्टुरा बिटर्स. बर्फाचा एकच मोठा तुकडा घ्या आणि २०-२५ वेळा ढवळा, जास्त नको, ४० टक्क्यांची बर्बन वितळलेल्या बर्फापुढे लवकर हार मानते. लिंबाच्या पेयांत ती हरवते. आंबटपणा व्हॅनिला झाकतो आणि लाकडाची कडवट बाजू पुढे येते. त्या कामाला साधी, जास्त टक्क्यांची बर्बन बरी.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते, कशी ठेवायची?

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुच खातं आणि बुचाचा वास बाटलीत उतरतो. ऊन आणि गॅसशेगडीची ऊब नको. अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर सहज चांगली राहते. एक तृतीयांशाच्या खाली गेली की आत हवा जास्त होते आणि या जातीच्या बर्बनमध्ये पहिला जातो तो मार्शमॅलोचा हलका वास. लाकूड मात्र जागचं हलत नाही. तेव्हा दोन-तीन महिन्यांत संपवा, नाहीतर उरलेली लहान, काठोकाठ भरेल अशा काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. बुच जुनं असेल आणि तुकडे पडत असतील तर दुसऱ्या संपलेल्या बाटलीचं बुच धुऊन, पूर्ण वाळवून लावा.